खून कळला तरी वाचाव्यात अशा कादंबऱ्या

थरारक कादंबरी सुचवा म्हटलं की बहुतेक जण एकच हमी देतात: शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका. ही हमी फारशी कामाची नाही. धक्का एकदाच बसतो, आणि शेवटच्या दहा पानांसाठी आधीची तीनशे पानं रेटायची हा व्यवहार वाचकाच्या अंगाशी येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर अशा कादंबऱ्या आल्या आहेत, ज्यांत खून कुणी केला हे पहिल्या काही प्रकरणांत, कधी तर पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं असतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. इथे सुचवलेली बरीचशी पुस्तकं त्या जातीची आहेत.

मराठी वाचकाची अडचण थोडी वेगळी आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार आणि काळा पहाड, त्यानंतर गुरुनाथ नाईक, यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. पण ती पुस्तकं भाड्याच्या लायब्ररीतून आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची. घरच्या कपाटात मान मिळाला तो दुसऱ्याच पुस्तकांना. त्यामुळे रहस्यकथा म्हणजे करमणूक आणि माणसाच्या मनातला काळोख म्हणजे जी. ए. कुलकर्णी, अशी वाटणी डोक्यात पक्की बसली. बाहेर ही वाटणी केव्हाच मोडली. आज फ्रान्सचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार खुनाच्या कादंबरीला मिळतो आणि पोलिसी तपासाच्या कादंबरीत घराचं कर्ज हेच मुख्य पात्र असू शकतं.

म्हणून नावं सांगण्याआधी माझी कसोटी सांगतो. या प्रकारातल्या चांगल्या कादंबरीत खुनामागे पैशाचा हिशेब असतो. जुन्या रहस्यकथेतलं मृत्युपत्र किंवा हिऱ्यांचा हार मला अभिप्रेत नाही. साधा पगार, घरभाडं, हप्ता, उधारी. पुस्तक हातात घेतलंत की त्याला विचारा, या माणसांचं घर कशावर चालतं? पन्नास पानं झाली तरी याचं उत्तर मिळत नसेल आणि पात्रं नुसतीच घाबरत, धावत असतील, तर पुस्तक खुशाल मिटा. अर्धवट सोडल्याचं पाप लागत नाही.

या कसोटीवर सगळ्यात खणखणीत उतरणारी कादंबरी जपानची आहे. नात्सुओ किरिनो यांची 'आउट' जपानीत 1997 साली आली, स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद 2003 मध्ये. टोकियोच्या उपनगरात जेवणाचे तयार डबे भरण्याचा कारखाना आहे आणि तिथे रात्रपाळीला चार बायका काम करतात. सरकत्या पट्ट्यावरून डबे येतात. एकीने भात घालायचा, दुसरीने तो सारखा करायचा, तिसरीने वर काही ठेवायचं, पहाटेपर्यंत. पट्ट्यावर सोपी जागा मिळावी म्हणून रोज धडपड. एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, एक उधारीवर महागड्या वस्तू घेऊन गळ्यापर्यंत बुडालेली, एकीचा मुलगा घरात कुणाशीच बोलत नाही. चौथीचा नवरा साठवलेले पैसे जुगारात उडवून येतो आणि वर तिच्यावर हात टाकतो. मग एका रात्री ती कमरेच्या पट्ट्याने त्याचा गळा आवळते. एवढं सुरुवातीलाच होतं. पुढे प्रेताची विल्हेवाट लावायचं काम या बायका करतात आणि ते वाचताना पोटात कालवतं ते रक्तामुळे कमी, त्यांच्या कामाच्या सवयीमुळे जास्त: कारखान्यात करतात तशीच कामाची वाटणी, तसाच वेळेचा हिशेब. न्हाणीघरातलं ते प्रकरण जेवणानंतर लगेच वाचायला घेऊ नका. आणि ज्यांना पात्रं 'आवडावी' लागतात त्यांनीही या पुस्तकापासून लांब राहावं. मासाको काटोरी ही यातली प्रमुख बाई अजिबात प्रेमळ नाही. ती हुशार आहे आणि तिला झोप पुरत नाही. शेवटाबद्दल वाचकांचे वाद होतात. मलाही तो शेवट पटलेला नाही, तरी पुस्तकाची किंमत त्याने कमी होत नाही.

दुसरी फ्रान्सची. लैला स्लिमानी यांच्या 'ललबाय'ला 2016 चा गोंकूर पुरस्कार मिळाला. पॅरिसमध्ये नोकरी करणारं जोडपं, दोन लहान मुलं, मुलं सांभाळायला ठेवलेली लुईझ. पहिल्याच पानावर कळतं की बाईने मुलं मारली. त्यानंतरची सगळी कादंबरी मागे जाते आणि ती बाई घरात कशी रुळत गेली ते दाखवते. ती येते मुलं सांभाळायला. हळूहळू स्वयंपाक तिचा, आवराआवर तिची, पाहुण्यांसमोर कौतुक तिचं. सुट्टीला ग्रीसला जाताना तिलाही नेतात. तिच्या डोक्यावर मेलेल्या नवऱ्याने करून ठेवलेलं कर्ज आहे, हे मात्र घरात कुणी विचारलेलं नसतं.

यातला एक प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. मुदत उलटलेली कोंबडी मालकीण कचऱ्यात टाकते. संध्याकाळी ती घरी येते तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच कोंबडीचा सांगाडा ठेवलेला: मांसाचा कण न राहिलेला, साबणाने धुतलेला, चकचकीत. कुणी आवाज चढवत नाही, काही फुटत नाही. फेकलेलं अन्न उचलून मुलांना खाऊ घालणाऱ्या बाईचा राग त्या स्वच्छ हाडांत दिसतो. आपल्याकडे मावशींबद्दल 'त्या अगदी घरच्यासारख्या आहेत' असं सहज म्हटलं जातं. त्या 'सारख्या'मध्ये काय काय दडपलेलं असतं ते या प्रसंगात कळतं. ज्यांच्या घरी आत्ता लहान बाळ आहे त्यांनी हे पुस्तक दोन-चार वर्षांनी वाचावं. विकत घेताना एक ध्यानात ठेवा: हीच कादंबरी अमेरिकेत 'द परफेक्ट नॅनी' नावाने निघाली आहे. नाहीतर दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही घ्याल.

किगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'चं नाव तुम्ही ऐकलं असेलच. मूळ कादंबरी 2005 ची, तिला जपानचा नाओकी पुरस्कार मिळाला. सुजॉय घोष यांनी 2023 मध्ये यावरून 'जाने जान' काढला आणि गोष्ट कालिम्पाँगला नेली. माझी पैशाची कसोटी इथे थोडी बाजूला ठेवावी लागते, कारण हे मुळात कोडं आहे. घटस्फोटित यासुको आपल्या मुलीच्या मदतीने त्रास द्यायला आलेल्या माजी नवऱ्याला मारते, आणि शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी ते प्रकरण झाकायची जबाबदारी घेतो. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. तरीही शेवटी लेखक आपल्याला चकवतो, कारण आपण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसलेलो असतो. इशिगामी परीक्षेचे पेपर कसे काढतो ते तो एके ठिकाणी सांगतो: प्रश्न भूमितीचा वाटतो, पण सुटतो फलाच्या पद्धतीने. ते पान आलं की जरा थांबा. लेखकाने तिथे किल्ली उघड्यावर ठेवली आहे. सिनेमा आधी पाहिला असेल तर पुस्तकाची अर्धी गंमत गेली, म्हणून पुस्तक आधी. हिगाशिनो आवडले तर पुढे त्यांचीच 'मॅलिस' घ्या. त्यात खुनी कोण हे लवकर सुटतं आणि त्याने खून का केला यावर उरलेलं पुस्तक उभं आहे.

गिलियन फ्लिन यांची 'गॉन गर्ल' (2012) इतकी गाजली की त्यानंतर मुखपृष्ठावर 'गर्ल' असलेल्या कादंबऱ्यांची रीघ लागली. पॉला हॉकिन्स यांची 'द गर्ल ऑन द ट्रेन' (2015) त्या लाटेतली सर्वांत खपाऊ. ठीक आहे, प्रवासात वाचावी. 'गॉन गर्ल'ची बात वेगळी. निक आणि एमी दोघं न्यूयॉर्कमध्ये मासिकांसाठी लिहिणारे. मंदीत दोघांच्या नोकऱ्या जातात आणि त्यांना मिसुरी राज्यातल्या नवऱ्याच्या गावी येऊन राहावं लागतं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नाहीशी होते. लोक कलाटणीबद्दल बोलतात, पण पैसा आटल्यावर दोन हुशार माणसं एकमेकांची झडती कशी घ्यायला लागतात, हे या कादंबरीत जास्त टोचतं. इंग्रजी जरा चटपटीत, अमेरिकी बोलीचं आहे. सवय नसेल तर पहिली चाळीस पानं जड जातील.

आयर्लंडच्या टाना फ्रेंच यांच्या डब्लिन मर्डर स्क्वॉड मालिकेत सहा कादंबऱ्या आहेत. दर वेळी निवेदक नवा असल्याने कुठलीही आधी वाचता येते. बहुतेक याद्या पहिल्या 'इन द वुड्स'पासून सुरुवात करा म्हणतात; ज्यांना सगळे धागे जुळलेले लागतात त्यांनी तसं करू नये, चिडचिड होईल. मी चौथी, 'ब्रोकन हार्बर' (2012), सुचवेन. समुद्राकाठी मोठ्या जाहिराती करून उभारायला घेतलेली वसाहत, आयर्लंडमधला घरबांधणीचा फुगा फुटल्यावर अर्धवट पडलेली. रस्ते कच्चे, शेजारची घरं नुसते सांगाडे, आणि मधल्या एका घरात हप्ते फेडत राहणारं कुटुंब. नवऱ्याची नोकरी गेलेली आहे. पोलीस आत शिरतात तेव्हा मृतदेहांइतकीच भिंतींना पाडलेली भोकं आणि जागोजागी ठेवलेले बाळावर लक्ष ठेवायचे कॅमेरे त्यांना चक्रावून टाकतात. ज्यांनी बिल्डरला पैसे भरून ताब्याची वाट पाहण्यात वर्षं काढली आहेत त्यांना हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही. पाचशेच्या घरात पानं आहेत. फ्रेंच बाई सावकाश लिहितात. घाई असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घाई असणाऱ्यांसाठी, आणि इंग्रजी कादंबरी वाचायचा आत्मविश्वास नसणाऱ्यांसाठीही, दोन छोटी पुस्तकं. पहिलं विवेक शानभाग यांचं 'घाचर घोचर'. मूळ कन्नड, श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद 2015 चा, जेमतेम सव्वाशे पानं. बंगळुरूमधलं कुटुंब: आधी मुंग्यांनी भरलेलं लहान घर आणि काटकसर, मग काकाचा मसाल्याचा धंदा चालतो आणि पैसा येतो. एके दिवशी दारात एक अनोळखी बाई काकासाठी मसुराची आमटी घेऊन उभी राहते. घरातल्या बायका तिला ज्या भाषेत हाकलतात, ते ऐकणारा निवेदक गप्प राहतो. कादंबरीची सगळी भीती त्या गप्प राहण्यात आहे. यात गुन्हा घडतो की नाही हेसुद्धा लेखक स्पष्ट करत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला यातला एकही माणूस परका वाटायचा नाही. दुसरं ओयिन्कान ब्रेथवेट यांचं 'माय सिस्टर, द सीरियल किलर' (2018): नायजेरियातल्या लागोस शहरात सुंदर धाकटी बहीण मित्रांना मारते आणि नर्स असलेली थोरली फरशी पुसते. प्रकरणं दोन-दोन, तीन-तीन पानांची, विनोद काळाकुट्ट. लोकलच्या प्रवासात मजेत संपतं.

मुंबईवरच्या पुस्तकांत विक्रम चंद्रा यांची 'सेक्रेड गेम्स' (2006) मालिकेमुळे सर्वांना ठाऊक आहे. नऊशेच्या वर पानं आहेत, आणि मालिका पाहून झाली असेल तरी ती वाचण्यात अर्थ आहे, कारण मालिकेने बरंच बदललं. पण मी आधी जेरी पिंटो यांची 'मर्डर इन माहीम' (2017) देईन. माटुंगा रोड स्टेशनच्या शौचालयात पोट फाडलेला मृतदेह सापडतो. निवृत्त पत्रकार पीटर डिसूझा आणि पोलीस इन्स्पेक्टर जेंडे तपासात उतरतात. पुस्तक आलं तेव्हा समलिंगी संबंध कलम 377 खाली गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर 2018 चा. त्यामुळे यातल्या साक्षीदारांना खुन्याइतकीच पोलीस चौकीचीही भीती आहे, आणि ब्लॅकमेल करणाऱ्यांचं त्यावर पोट चालतं. तपासाचं कोडं म्हणून पुस्तक साधंच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शहर मात्र अस्सल आहे. दया पवारांचं 'बलुतं' आणि सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' इंग्रजीत नेणारे ते हेच पिंटो, म्हणून त्यांच्या इंग्रजी संवादांत मराठी कानाला ओळखीचं काहीतरी ऐकू येतं.

काळोख हवा पण तपास नको, असं म्हणणाऱ्यांसाठी ग्रेम मॅक्रे बर्नेट यांची 'हिज ब्लडी प्रोजेक्ट' आहे; ती 2016 साली बुकरच्या अंतिम यादीत होती. 1869 मध्ये स्कॉटलंडच्या एका खेड्यात सतरा वर्षांच्या मुलाने तीन खून केले. त्याची कबुली, डॉक्टरांचे अहवाल, खटल्याचा वृत्तान्त अशी जुनी कागदपत्रं लेखक पुढे ठेवतो. कागदपत्रं रचलेली आहेत, फसू नका. जमीनदाराच्या हाताखालचा क्षुल्लक अधिकारी कुळाला कसा नाडतो ते कोकणातली खोतांची गोष्ट ऐकून वाढलेल्याला पटकन उमगेल. ओल्गा तोकार्चुक यांचं 'ड्राइव्ह युवर प्लाउ ओव्हर द बोन्स ऑफ द डेड' मला जास्त आवडतं: पोलंडच्या सीमेवरचं बर्फाळ पठार, शिकारी एकामागून एक मरतायत, आणि ज्योतिषात रमलेली एक म्हातारी पोलिसांना पत्रं लिहून सांगतेय की हा जनावरांनी घेतलेला सूड आहे. 2024 चं नोबेल मिळवणाऱ्या हान कांग यांचं 'द व्हेजिटेरियन' लहान आहे, पण हलकं नाही. मांस सोडणाऱ्या बाईची गोष्ट म्हणून शाकाहारी आत्याला भेट द्यायला जाल तर पंचाईत होईल.

मराठीत काय? जयंत पवारांचा कथासंग्रह 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' आधी घ्या. त्याला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या माणसांचं काय झालं हे त्यात आहे, आणि गुन्हा तिथे नोकरीसारखा येतो. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' मोठी, गावातल्या वाड्याची, वेड आणि वासना यांनी भारलेली. भयकथेचं बळ आणि कुटुंबकथेचा विस्तार त्यांनी एकत्र आणला आहे. गुप्ते नवीन असतील तर त्यांच्या दीर्घकथांपासून सुरुवात करा. नंदा खरे यांच्या 'उद्या'त पाळत आणि पैसा यांनी आवळलेला देश दिसतो. ही कादंबरी थरारक म्हणून कुणी विकत नाही, पण वाचून झोप उडते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा बहुतेकांच्या वाचनात असतील; नसतील तर त्या कधीही चालतात. मात्र पोलीस ठाण्याचं, कचेरीचं, सोसायटीच्या मीटिंगचं तपशीलवार जग घेऊन उभी असलेली मराठी गुन्हेकादंबरी शोधायला गेलात तर हात जवळजवळ रिकामे येतात. लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

खरेदीबद्दल थोडं. पाठीमागचा मजकूर वाचू नका. निम्म्या वेळा तोच रहस्य फोडतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव बघा, आणि ते छापलेलंच नसेल तर पुस्तक परत ठेवा. फुटपाथवरच्या बनावट प्रती स्वस्त असतात खऱ्या, पण त्यांत कधी कधी एखादा फॉर्म, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठाच गायब असतो. इतर पुस्तकांत ते एक वेळ चालून जाईल. रहस्यकादंबरीची शेवटची सोळा पानं नसणं म्हणजे काय हे कल्पनेवर सोडतो. अशी दोन पुस्तकं लागोपाठ वाचू नका, मध्ये काहीतरी हलकं असू द्या, आणि घरात कुणी नुकतंच गेलं असेल तर ही सगळी यादी काही महिने बाजूला ठेवा.

आणि एकच पुस्तक घ्यायचं असेल तर 'आउट' घ्या. सुरुवातीच्या पानांत बराचसा कारखाना, घर आणि उधारीच आहे म्हणून कंटाळून सोडू नका. पुढे जे होतं ते सगळं त्या पानांतूनच येतं.